नक्षीकडचं डोकं

तावेराच्या डोक्यावर पाणी घालता घालता रिरिपेतीचा हात मध्येच थांबला.

तसं बिघडलेलं काही नव्हतं. पाणी कोमट होतं, ओसरीवर ऊन होतं, टबातलं पोर पाय झाडून आजीला भिजवत होतं. अकरा आठवड्यांचं पोर, पण लाथ अशी मारायचं, की जसं उद्याच रग्बीच्या मैदानात उतरायचंय. रिरिपेती त्याचं डोकं एका तळव्यावर पेलून दुसऱ्या हाताने चोळत होती, आणि मागे, उजव्या कानाच्या वरच्या अंगाला, जिथे हात गोलाईवरून घसरायला हवा, तिथे तो टेकला. सपाट टेबलावर टेकावा तसा टेकला. तिने पुन्हा हात फिरवला. डावी बाजू गोल, उजवी चपटी. मग तिने पोराला समोर धरून नीट पाहिलं, तर उजवा कान डाव्यापेक्षा जरासा पुढे आलेला.

"काय झालं, मा?" सून अनाहेरा टॉवेल घेऊन उभी होती.

"काही नाही गं. डोळ्यांत साबण जाईल म्हणून बघत होते."

साबण नव्हताच. आता सासूने थाप मारायची ती निदान धड तरी मारावी! पण अनाहेरा रात्रभर जागलेली होती, तिचं लक्ष गेलं नाही.

आमच्या किनाऱ्यावर रिरिपेतीला ओळखत नाही असं घर नाही. वयाची एकसष्टी ओलांडली, तरी अजून ताठ. तरुणपणी मेंढ्यांच्या लोकरीच्या शेडमध्ये लोकर उचलायला होती, पुढे किवीफळांच्या पॅकिंगला उभी राहून राहून पायांच्या शिरा फुगल्या. नवरा होने रस्त्याच्या कामावर होता, तो गेला त्याला आठ वर्षं झाली. पण गाव तिला ओळखतं ते टोपल्यांमुळे. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ही बाई अचानक विणायला शिकायला गेली, आणि शिकली ती एकच गोष्ट: वहाकुरा. म्हणजे हाराकेके नावाच्या झुडपाच्या लांब हिरव्या पात्यांची विणलेली, दीड हात लांब, पाऊण हात रुंद अशी बाळाची टोपली. आत बोटभर जाड गादी. ती टोपली आईच्या पलंगावरच ठेवायची. पोर आईला हाताशी, आणि कुणाच्या अंगाखाली यायची भीती नाही. विणायला दुसरं काय कमी होतं? पिशव्या होत्या, चटया होत्या. पण हिने टोपलीशिवाय कशाला हात लावला नाही. का, ते कुणी विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही.

दर गुरुवारी गावच्या सभाघरात पोटुशा मुली तिच्यासमोर मांडी घालून बसतात आणि आपापली टोपली विणतात. मुली तिला नॅन, म्हणजे आजी, म्हणतात. रिरिपेतीचा हात चालतो तसं तोंडही चालतं.

"झोपवायचं ते उताणं! दुपारी उताणं, रात्री उताणं, पावण्यांच्या घरी गेलीस तरी उताणंच. उशी नाही, मऊ खेळणी नाहीत, आणि सिगरेट ओढणाऱ्याला खोलीच्या बाहेर काढ, मग तो तुझा नवरा का असेना."

"आणि नॅन, माझाच बाप असला तर?"

"तर त्याला माझ्याकडे पाठव. मी बघते."

शिवाय तिचा स्वतःचा एक नियम होता. टोपलीच्या एका टोकाला ती काळ्या पात्यांची नक्षी घालायची. बाळाचं डोकं कायम त्या नक्षीकडे. आमच्याकडे डोकं म्हणजे अंगातला सगळ्यात सोवळा भाग. टोपी जेवणाच्या टेबलावर ठेवायची नाही, उशीवर बूड टेकायचं नाही, डोक्याचा टॉवेल पायपुसण्याबरोबर धुवायचा नाही. हे आम्हाला बोलता यायच्या आधी कळतं. मग जिथे पाय पडले तिथे पोराचं डोकं कसं ठेवणार? नक्षी ती डोक्याची, साधं टोक ते पायाचं. सतरा वर्षांत शंभरावर टोपल्या तिच्या हातून गेल्या आणि एकीतही याची गल्लत झाली नाही.

तावेराची टोपली तिने सगळ्यांत मन लावून विणली होती. आणि त्याच टोपलीत त्याचं डोकं चपटं झालं होतं.

त्या दिवशी दुपारी पोर झोपल्यावर रिरिपेतीने हाराकेकेची एक बारीक पट्टी घेतली. विणणारणीचं माप ते, टेप कशाला हवी! उजव्या कपाळापासून डाव्या मागच्या बाजूपर्यंत पट्टी हलकेच टेकवली, नखाने खूण केली. मग डाव्या कपाळापासून उजवीकडे. दोन खुणांमध्ये अंगठ्याच्या नखाएवढं अंतर पडलं. तिने पट्टी बिस्किटांच्या डब्यात लपवली. पुढच्या सोमवारी पुन्हा माप. अंतर वाढलं होतं, थोडंसंच, पण वाढलं होतं. तिचं जेवणावरचं मन उडालं.

कुणाला सांगायचं? मुलगा मातिउ डोंगरात लाकूडतोडीच्या कँपवर, शुक्रवारी घरी यायचा आणि पोराला छातीवर घेऊन घोरायचा. अनाहेराला सांगावं, तर ती आधीच काळजीने अर्धी झालेली. आणि खरं सांगायचं तर रिरिपेतीला लाजही वाटत होती. गावभर उपदेश करत फिरणाऱ्या बाईच्या नातवाचं डोकं असं! उद्या मुली म्हणतील, टोपलीत डोकं बिघडतं. टोपल्या माळ्यावर टाकतील आणि पोरांना पुन्हा पालथं झोपवतील. 'पालथं' हा शब्द मनात आला की ती हातातलं काम तसंच सोडून उठायची. असं का, ते या घरात फक्त होनेला ठाऊक होतं, आणि होने तर भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसला होता.

तिने एक निळी लोकरीची टोपी विणली आणि पोराला घातली.

ती टोपी दोन आठवडे टिकली. मग एका गुरुवारी सभाघरात तिची चुलत बहीण कुइनी आली. कुइनी म्हणजे तोंडाचा पट्टा. मायेची आहे, पण जिभेला हाड नाही.

"एवढ्या उन्हात लेकराला टोपी? उकडून काढतेस का काय रताळ्यासारखं?" असं म्हणत तिने टोपी ओढली. बाळाच्या डोक्याला असा विचारल्याशिवाय कुणी हात घालतं का? पण कुइनीला कोण शिकवणार! तिने पोर खांद्यावर घेतलं, मागून पाहिलं आणि ओरडली, "अगं बाई! टोपलीवालीच्या नातवाच्या डोक्यावरून इस्त्री कुणी फिरवली?"

दोन-तीन मुली हसल्या, आणि लगेच गप्प झाल्या, कारण अनाहेरा दारातच उभी होती.

घरी आल्याबरोबर ती पोराला घेऊन खिडकीशी बसली, डोक्यावर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मा, टोपी तुम्ही मुद्दाम घातली होती ना? तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

रिरिपेतीने डबा आणून तिच्यापुढे ठेवला. आत तीन पट्ट्या होत्या, नखांच्या खुणांच्या.

"तीन आठवडे!" अनाहेराचा आवाज फाटला. "तीन आठवडे तुम्ही माझ्या लेकराचं डोकं मोजताय आणि मला सांगत नाही?"

"तुला काळजी नको म्हणून..."

"काळजी नको? आता काय हार घालू का तुम्हाला?"

रिरिपेतीने मान खाली घातली. तिला उलटून बोलायची सवय होती, ऐकून घ्यायची नव्हती.

सोमवारी शहरातून बाळांची नर्स आली. वयाने लहान, पण हात सावकाश. तिने तावेराची मान दोन्हीकडे वळवून पाहिली, टाळू पाहिली, तोंडापुढे खुळखुळा फिरवला. मग म्हणाली, "मान मोकळी आहे. हाडांतही दोष वाटत नाही. याला उजवीकडेच बघायची सवय लागलीय. पलंगावर कुठे असते टोपली?"

अनाहेराने खोली दाखवली. टोपली भिंतीकडे, तिच्या उजव्या अंगाला आई, आईच्या पलीकडे खिडकी. म्हणजे दूध उजवीकडे, उजेड उजवीकडे, आईचा वास उजवीकडे. डावीकडे नुसती भिंत.

"मग तो बिचारा भिंतीकडे कशाला बघेल!" नर्स हसली. "झोपवायचं उताणंच, त्यात बदल नाही. पण एक दिवस डोकं या टोकाला, एक दिवस त्या टोकाला. म्हणजे तो दुसरीकडे मान वळवेल. आणि जागा असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, जमिनीवर पालथा ठेवा. रोज थोडा थोडा. डोक्यावरचा भार जातो, मानही घट्ट होते."

"ठेवते ना मी," अनाहेरा म्हणाली, "पण मा लगेच उचलून उताणा करतात."

नर्सने रिरिपेतीकडे पाहिलं. रिरिपेती टोपलीच्या साध्या टोकाकडे पाहत होती.

"त्या टोकाला पाय असतात," ती म्हणाली.

"गादीची चादर बदला की..."

"चादरीचा प्रश्न नाही, बाई. पायाच्या जागी डोकं ठेवायचं नाही. माझ्या घरात तरी नाही."

नर्सने वाद घातला नाही. "मग तुम्हीच काहीतरी वाट काढा," एवढं म्हणाली. "पण लवकर काढा. कवटी आत्ता मऊ आहे तोवर सुधारेल. पाच-सहा महिन्यांनंतर अवघड होत जातं."

ती गेल्यावर रिरिपेती बडबडत राहिली. "काल शाळेतून आल्यासारखी पोरगी, मला शिकवणार! तेव्हाही नर्सच सांगून गेली होती."

"तेव्हा म्हणजे कधी?" अनाहेराने विचारलं.

"काही नाही."

"तुमच्या वेळी तुम्ही कसं झोपवायचात, मा? मातिउचं डोकं तर छान गोल आहे."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती," असं म्हणून रिरिपेती चहाचं भांडं घासायला लागली, जे स्वच्छच होतं. त्या वेळी ती खरं बोलली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण पस्तीस वर्षं जी गोष्ट दाताखाली धरली, ती एका प्रश्नाने कशी सुटणार?

घरातली हवा बिघडली ती तिथून. अनाहेरा समोरासमोर भांडत नसे, पण दार जरा जोरात लागायचं. एकदा ती सरळच म्हणाली, "टोपली तुमची, नियम तुमचे, आणि डोकं मात्र माझ्या पोराचं." तिची आई हॅमिल्टनला असते. ती फोनवर जोरजोरात बोलते, शेजारच्या खोलीत ऐकू येतं. "तुम्हा चौघांना मी पोटावरच झोपवलं. कुणाचं डोकं चपटं आहे सांग बरं? सगळी कलिंगडासारखी गोल!" रिरिपेतीने ते ऐकलं. जाऊन सांगावं असं वाटलं, पायही उचलला, आणि पुन्हा तिथेच उभी राहिली. काय सांगणार होती? कुठून सुरुवात करणार होती?

त्यानंतर तिची झोप उडाली. पोर झोपलं की ती दर दहा मिनिटांनी खोलीत डोकावायची. उताणं आहे ना? आहे. श्वास चालू आहे ना? आहे. अनाहेराला वाटायचं, सासू आपल्यावर पहारा ठेवते. आणि ठेवतच होती.

बुधवारी दुपारी ती ओढ्याकाठी हाराकेके कापायला गेली. जायची इच्छा नव्हती, पण गुरुवारच्या वर्गासाठी पाती हवी होती. तिने प्रार्थना म्हटली, कडेची चार पाती कापली, तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. पावसात हाराकेकेला हात लावायचा नाही, हा शिरस्ता. नाहीतर ती तासभर तरी परतली नसती. पाती बगलेत मारून ती घराकडे निघाली.

घरात शांतता होती. न्हाणीघरात पाणी पडत होतं, म्हणजे अनाहेरा अंघोळीला गेली होती. रिरिपेती नेहमीप्रमाणे खोलीत डोकावली.

टोपली रिकामी होती.

पोर मोठ्या पलंगावर होतं, मऊ रजईवर, पालथं. तोंड रजईत, एक मूठ कानाशी, ते चपटं डोकं वर. हलत नव्हतं.

पाती तिच्या बगलेतून गळून पडली. दारापासून पलंगापर्यंत चार पावलं होती. ती कशी टाकली, ते तिला नंतर कधी आठवलं नाही. तिने पोराला दोन्ही हातांनी उचललं, उताणं केलं, आणि त्याच्या तोंडाकडे बघायची तिची हिंमत होईना. डोळे मिटूनच तिने त्याचं नाक आपल्या गालाला लावलं.

गालाला ऊब लागली. मग एक ओला श्वास. मग झोपमोड झाल्याच्या रागाने तावेराने असं भोकाड पसरलं, की ते शेजारच्या घरापर्यंत गेलं.

पोराला छातीशी धरून ती जमिनीवरच बसली. अनाहेरा ओल्या केसांनी, टॉवेल गुंडाळून धावत आली.

"काय झालं? पडला का?"

"पालथं घातलंस!" रिरिपेती ओरडली. "कुणाला विचारून घातलंस? मेला असता ना तो! मेला असता!"

"दहा मिनिटं हो मा, फक्त दहा मिनिटं! मी अंघोळीला..."

"दहा मिनिटं? तुला माहीत आहे दहा मिनिटांत काय होतं?"

"मग करू काय मी?" अनाहेराही रडत ओरडली. "डोकं फिरवायचं नाही, कारण तुमचं सोवळं. जमिनीवर ठेवलं की तुम्ही उचलता. रोज थोडं थोडं चपटं होताना बघत बसू? मला त्याचं डोकं गोल हवंय! एवढं मागणं काय वाईट आहे? गोल डोकं हवंय!"

रिरिपेती पोराच्या पाठीवर थोपटत राहिली. मग म्हणाली, "रेवाचं डोकं गोल होतं."

"कोण रेवा?"

"माझी मुलगी. मातिउच्या आधीची."

अनाहेरा तशीच पलंगाच्या कडेला बसली. या घरातल्या भिंतीवर गेलेल्या सगळ्यांचे फोटो होते: होने, त्याचे आईबाप, पणजी, बुडून गेलेला होनेचा भाऊ. रेवा नावाचं कुणी तिथे नव्हतं.

"चौऱ्याऐंशी साली," रिरिपेती म्हणाली. "नर्स आली होती. चांगली होती गं, वाईट नव्हती. म्हणाली, पालथं झोपव, म्हणजे ओकलं तर घशात अडकणार नाही. आणि डोकंही कसं छान गोल होईल. तेव्हा सगळ्यांना तेच सांगायचे. मी ऐकलं. खरंच छान झालं डोकं. जो तो म्हणायचा, काय सुरेख डोकं आहे पोरीचं! मला फुशारकी वाटायची. मी सगळ्यांना दाखवायचे."

तिने तावेराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"सकाळचे दहा वाजले होते. मी कपडे वाळत घालत होते. म्हटलं, आज बरी झोपली. खूश होते मी, अनाहेरा. पोर झोपलंय म्हणून मी खूश होते, आणि गाणं म्हणत कपडे वाळत घालत होते." ती तावेराची मूठ उघडून एकेक बोट सरळ करत होती. "मग पोलीस आले. काय पाजलंस, कुठे होतीस, दारू पितेस का. मला कुणी म्हणालं नाही की तुझी चूक आहे. पण मला कुणी असंही म्हणालं नाही की तुझी चूक नाही. मातिउला मी वर्षभर रात्री मांडीवर घेऊन बसले. त्याचं डोकं गोल आहे ते त्यामुळे. तो झोपायचा, मी बसायचे. पुढे कळलं की पालथं झोपवणंच घातक होतं, तेव्हा होने म्हणाला, बघ, तुझी चूक नव्हती. पण झोपवलं माझ्याच हातांनी ना."

अनाहेरा जमिनीवर उतरली आणि तिने सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं. "मा," ती म्हणाली, "हे आधी सांगायला हवं होतंत."

"हो. सांगायला हवं होतं."

तिघं तशीच बसून राहिली. तावेरा रडून रडून दमला आणि आजीच्या गळ्याकडे तोंड करून चोखायला काही सापडतंय का बघू लागला. थोड्या वेळाने रिरिपेतीने डोळे पुसले आणि म्हणाली, "तू म्हणशील तर त्याचं डोकं पायाच्या टोकाला ठेवीन. मी स्वतः ठेवीन. प्रार्थना म्हणेन, पाणी शिंपडेन. पूर्वज रागावले तर माझ्यावर रागावू देत."

हे ती बोलली! टोपी टेबलावर ठेवली म्हणून जिने सख्ख्या भावाला जेवणावरून उठवलं होतं, ती. अनाहेराने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "नको मा. मलाही ते करवणार नाही. टोपलीच उलटी ठेवली तर?"

"मग त्याचं डोकं तुझ्या पायांशी येतं. ते तर आणखीच वाईट."

जमिनीवर हाराकेकेची पाती पसरली होती. रिरिपेतीने सवयीने ती गोळा करायला घेतली, आणि एक पातं हातात धरून तशीच थांबली. विणताना हात पोचेनासा झाला की आपण काय करतो? पातं पिरगाळत नाही. पिरगाळलं तर चिरतं. आख्खं विणकाम उचलून फिरवून घेतो.

"अनाहेरा," ती म्हणाली, "कपडे घाल. पलंग फिरवू या."

"काय?"

"पलंग! उसं त्या भिंतीला आणि पायथं या भिंतीला. उशाच्या जागी उसंच राहील, पायाच्या जागी पाय. नक्षीही डोक्याकडेच. पण खिडकी आणि तू त्याच्या डावीकडे. बघू दे आता भिंतीकडे, किती बघतो ते!"

पलंग होनेने स्वतः केलेला होता, भक्कम लाकडाचा, हलवायला चार पुरुष लागावेत असा. दोघींनी तो ढकलला, ओढला, मध्येच अडकवला, जमिनीवर दोन लांब ओरखडे पाडले. अनाहेराचं बोट चेंगरलं. रिरिपेतीने मेलेल्या नवऱ्याला एवढं जड लाकूड वापरल्याबद्दल मनसोक्त शिव्या घातल्या. दोघी घामाघूम झाल्या, हसत होत्या, मधूनच डोळे पुसत होत्या. शेवटी टोपली जागेवर ठेवली, तावेराला उताणं आत निजवलं. त्याने उजवीकडे मान वळवली. भिंत. क्षणभर त्याने भिंतीकडे नापसंतीने पाहिलं, आणि मग हळूहळू, कुरकुरत, मान डावीकडे फिरवली.

शुक्रवारी मातिउ दमून आला, अंधारात सवयीने पलंगावर पडायला गेला आणि पायथ्याच्या फळीवर आपटला.

तेव्हापासून दर रविवारी त्या घरात पलंग फिरतो. शेजाऱ्यांना घरघर ऐकू आली की कळतं, आज रविवार. जेवणानंतर रिरिपेती ओसरीवर चटई टाकते, तावेराला पोटावर ठेवते आणि स्वतः त्याच्यासमोर पालथी पडते, नाकासमोर नाक. पहिल्या दिवशी तिने पन्नासपर्यंत आकडे मोजले आणि घाबरून त्याला उचललं. दुसऱ्या दिवशी शंभरपर्यंत. आता तो मान उंचावून तिचे केस ओढतो, पण तिचे हात अजूनही त्याच्या दोन्ही बाजूंना तयारच असतात. ती भीती जायची नाही. ती जाईल असं तिने कधी म्हटलेलंही नाही.

पुढच्याच महिन्यातल्या एका गुरुवारी ती सभाघरात तावेराला टोपीशिवाय घेऊन आली. सात मुली बसल्या होत्या, कुइनीही होती. रिरिपेतीने पोराची पाठ सगळ्यांकडे वळवली.

"बघून घ्या," ती म्हणाली. "इथे चपटं आहे. माझ्या हट्टाने झालंय, टोपलीने नाही. एकाच बाजूला बघत राहिला, मी फिरवू दिलं नाही. तुम्ही फिरवा. टोपली फिरवा, पलंग फिरवा, घर फिरवावं लागलं तर घर फिरवा. जागा असेल तेव्हा पोटावर ठेवा आणि समोर बसा. पण झोपवायचं ते उताणं."

"नॅन, आणि तरीही गोल झालं नाही तर?" एकीने विचारलं. तिचा आठवा महिना चालू होता.

रिरिपेतीने पिशवीतून एक फोटो काढला. रंग उडालेला, कोपरा दुमडलेला. त्यात साडेतीन महिन्यांची एक मुलगी कुणाच्यातरी मांडीवर बसून हसत होती. फोटो हातोहात फिरला. कुइनीपाशी आला तेव्हा तिने तो दोन्ही हातांत धरला आणि दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला. कुइनी रेवाच्या अंत्यविधीला होती. पस्तीस वर्षं तीही यावर बोलली नव्हती.

"किती गोड," त्या मुलीने म्हटलं. "डोकं कसं गोल आहे!"

"हो," रिरिपेती म्हणाली. "माझी रेवा. अशीच राहिली, एवढीच."

ती मुलगी फोटो परत द्यायला उठली, तेव्हा तिचा एक हात आपल्या पोटावर होता.

संध्याकाळी अनाहेराने भिंतीवर खिळा ठोकला आणि होनेच्या शेजारी रेवाचा फोटो लावला. रिरिपेती खाली उभी राहून "जरा डावीकडे, जरा वर" करत होती. तावेरा तिच्या कडेवर होता. पट्ट्यांमधलं अंतर आता कमी झालंय, पण सगळं गेलेलं नाही. नर्स म्हणते, थोडं राहीलही कदाचित, केसांत दिसायचं नाही. रिरिपेती त्या जागी हात ठेवते. तिचा तळवा तिथे बरोबर बसतो, आणि बोटांची टोकं वर टाळूपर्यंत पोचतात, तिथे नाडी ठकठक चालू असते.